सॉफ्ट की आरजीपी: आधी सिलिंडर कुठे आहे ते बघा

कॉन्टॅक्ट लेन्स दोन तऱ्हेच्या: मऊ ती सॉफ्ट आणि कडक पण ऑक्सिजन जाऊ देणारी ती आरजीपी (रिजिड गॅस परमिएबल). ऑप्टिशियनच्या परीक्षेला बसणारे दोन्ही लेन्सचे आकडे घोकून जातात. सॉफ्टचा डायमीटर 14 मिमीच्या आसपास, आरजीपीचा 9 ते 10. सॉफ्टचा बेस कर्व्ह, म्हणजे आतल्या बाजूच्या गोलाईची त्रिज्या, साधारण 8.4 ते 8.8 मिमी, आरजीपीचा बहुतेक वेळा 7.5 ते 8. पाठ असावेतच. पण आमच्या सोलापुरात नवी पेठेतल्या दुकानात गिऱ्हाईक समोर बसलं की या आकड्यांनी निवड होत नाही. सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर, कॉर्नियावर (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर) आहे की डोळ्याच्या आतल्या भिंगात, इथून सुरुवात करायची.

समजा चष्म्याचा नंबर -3.00 / -2.00 × 180 आहे (गोल नंबर, सिलिंडर आणि त्याचा अ‍ॅक्सिस, म्हणजे कोन) आणि के रीडिंग, म्हणजे कॉर्नियाच्या वळणाचं माप, आडवं 43.00, उभं 45.00. फरक 2.00, म्हणजे सगळा सिलिंडर कॉर्नियाचा. इथे साधी स्फेरिकल, म्हणजे सिलिंडर नसलेली, आरजीपी पुरते. ती कडक असते, कॉर्नियाच्या आकाराप्रमाणे वाकत नाही. मधल्या जागेत अश्रू भरतात आणि ती अश्रूंची लेन्सच सिलिंडर खाऊन टाकते. 337.5 या ठरलेल्या आकड्याला आडव्या 43.00 ने भागलं की बेस कर्व्ह 7.85 मिमी येतो, पॉवर -3.00. फिटिंगसाठी बेस कर्व्ह 0.50 डायॉप्टर (नंबराचं एकक) स्टीप, म्हणजे जास्त वळलेला, 7.76 घेतला, तर अश्रूंची लेन्स +0.50 ची होते. मग पॉवर -3.50 मागवावी लागते. परीक्षेतला सॅम-फॅप नियम तो हाच: स्टीप केली तर मायनस वाढवा, फ्लॅट (कमी वळलेली) केली तर प्लस. एकदा आकृती काढून बघा, घोकावं लागणार नाही.

आता नंबर तोच, पण के रीडिंग दोन्हीकडे 43.50. सिलिंडर आतला. स्फेरिकल आरजीपी कितीही छान बसली तरी तो तसाच उरणार. इथे सॉफ्ट टोरिक, म्हणजे सिलिंडर असलेली सॉफ्ट लेन्स, घ्यायची. सॉफ्ट लेन्स कॉर्नियावर अंग टाकून बसते, खाली अश्रूंचा थर नावापुरता, म्हणून सिलिंडर लेन्समध्येच असावा लागतो. आणि गंमत बघा, चष्म्यातला 2.00 लेन्समध्ये 2.00 राहत नाही. उभ्या मेरिडियनला (दिशेला) -3.00 आणि -2.00 मिळून -5.00 आहे, 12 मिमी व्हर्टेक्स, म्हणजे चष्मा आणि डोळ्यातलं अंतर, धरला तर त्याचे -4.72 होतात, आडव्याचे -2.90. फरक 1.82, आणि टोरिकमध्ये 1.75 सहज मिळतो. डोळ्यावर ठेवल्यावर लेन्सवरची खालची खूण तुमच्या डाव्या हाताला 10 अंश सरकली, तर अ‍ॅक्सिस 180 ऐवजी 10 मागवा. डावीकडे गेली तर मिळवा, उजवीकडे गेली तर वजा करा. डावं-उजवं तपासणाऱ्याचं, पेशंटचं नव्हे. बरेच जण इथेच घसरतात.

फिटिंग बघण्याची तऱ्हाही वेगळी. आरजीपीखाली अश्रूंत मिसळलेल्या फ्लुरोसिन या रंगाचा हिरवा पॅटर्न वाचतात. साधं फ्लुरोसिन सॉफ्टला चालत नाही, लेन्सच रंग पिते; तिथे पापणी लवल्यावर लेन्स किती हलते ते बघायचं. बेस कर्व्ह 8.6 तसाच ठेवून डायमीटर 14.0 चा 14.5 केला, तर सॅजिटल डेप्थ (लेन्सच्या वाटीची खोली) वाढते आणि लेन्स घट्ट होते. सॉफ्टमध्ये हे दोन आकडे सुटे वाचूच नयेत.

सोयीचं म्हणाल तर सॉफ्ट पहिल्या दिवसापासून सहन होते. आरजीपीला सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात आणि धीर सुटलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. केराटोकोनसमध्ये (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो तो आजार) मात्र साध्या सॉफ्टचा आग्रह सोडा. आरजीपी किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी स्क्लेरल लेन्स लागेल, अशा गिऱ्हाइकांना तज्ज्ञाकडे पाठवा.

आता सोलापूरचं. एप्रिल-मेमध्ये पारा बरेचदा 40 च्या वर जातो, हवा कोरडी. ‘जास्त पाण्याची लेन्स द्या, डोळा थंड राहील’ असं गिऱ्हाईक म्हणतं, पण कोरड्या हवेत जास्त पाण्याची लेन्सच सहसा जास्त सुकते, आणि सुकली की डोळ्याला चिकटल्यासारखी घट्ट होते. साध्या हायड्रोजेलमध्ये (सॉफ्ट लेन्सचं पाणी धरणारं प्लास्टिक) ऑक्सिजन पाण्यावाटे जातो. सिलिकॉन हायड्रोजेलमध्ये मुख्यतः सिलिकॉनवाटे, म्हणून कमी पाण्यातही डीके, म्हणजे ऑक्सिजन आरपार जाऊ देण्याचं माप, चांगला मिळतो. इथल्या उन्हाळ्यात मी हीच सुचवेन.

दुसरी गोष्ट नळाची. काही दिवसांआड येणारं पाणी आपण पिंपात आणि टाकीत साठवतो. अकॅन्थअमीबा हा डोळ्याला गंभीर संसर्ग करणारा सूक्ष्मजीव मुख्यतः पाण्यातूनच डोळ्यात जातो, म्हणून लेन्स आणि डबी, दोन्ही पाण्याने धुवायची नाहीत, आरजीपी असली तरी. पाण्याने धुवायची सवय सुटतच नसेल, तर रोज फेकायची डेली डिस्पोजेबल सॉफ्ट महाग पडली तरी बरी.

यंत्रमागावर काम करणाऱ्याचा प्रश्न वेगळा. सुताचा बारीक तंतू आरजीपीच्या कडेखाली शिरला की डोळा उघडवत नाही. सॉफ्ट लेन्स कॉर्निया पूर्ण झाकते, त्यामुळे त्रास कमी, पण लिंट, म्हणजे सुताची धूळ, तिच्यावरही बसते. माझ्या मते मागावर चष्माच असावा आणि लेन्स सुट्टीच्या दिवशी, लग्नकार्याला.