एफटीपीसिंक: डेबियनचा मिरर चालवण्याचे अवजार, दीड वर्षाच्या वापरानंतर

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक विभागात डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या मुक्त संगणक प्रणालीचा मिरर सुरू करून आता दीड वर्ष होत आले. मिरर म्हणजे डेबियनच्या मूळ भांडारातील पॅकेजांची, म्हणजे बसवायला तयार सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांची, हुबेहूब प्रत आपल्या सर्व्हरवर ठेवायची आणि ती कोणालाही विनामूल्य उतरवून घेऊ द्यायची. १९९३ साली सुरू झालेला डेबियन प्रकल्प आजवर जगभर पोहोचला त्यात विद्यापीठांनी, इंटरनेट पुरवठादारांनी आणि हौशी मंडळींनी पदरमोड करून चालवलेल्या अशा मिररांचा वाटा फार मोठा आहे. हे काम नीट व्हावे म्हणून प्रकल्पाने स्वतःच एफटीपीसिंक नावाचा स्क्रिप्टसंच तयार केला आहे, आणि प्रस्तुत परीक्षण त्या संचाचे आहे.

प्रारंभी आम्ही तो वापरलाच नव्हता, हे कबूल करायला हवे. दोन यंत्रांवरच्या फाइली जुळवून घेणारे आरसिंक आम्हाला पाठ होते, त्यामुळे ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनमध्ये एका ओळीची आज्ञा लिहिली की मिरर झाला, अशी आमची समजूत होती. एके दिवशी दुपारी तीनच्या प्रॅक्टिकलला अंतिम वर्षाच्या मुलांनी डेबियनच्या टेस्टिंग, म्हणजे पुढच्या आवृत्तीच्या चाचणी शाखेवर चालणाऱ्या यंत्रांवर एक कंपायलर बसवायला घेतला, आणि ओळीने सगळ्या पडद्यांवर ४०४ ची त्रुटी आली. यादीत पॅकेज दिसत होते, पण त्या पत्त्यावर फाइल नव्हती. मुलांनी नेटवर्कला नावे ठेवली, आम्ही केबल तपासल्या, आणि अर्ध्या तासाने सगळे आपोआप सुरळीत झाले.

खरे कारण आमच्या त्या एका ओळीत होते. डेबियनच्या भांडारात ‘डिस्ट्स’ या फोल्डरात याद्या असतात आणि ‘पूल’ या फोल्डरात प्रत्यक्ष पॅकेजे असतात. आरसिंक फाइली वर्णानुक्रमे घेते, म्हणून डी आधी आणि पी नंतर, अर्थात नवी यादी आधी पोहोचते आणि त्या यादीतील माल मागाहून येतो. मधल्या वेळात जो ग्राहक येईल त्याला दुकानाच्या पाटीवर नाव दिसते, फळीवर मात्र वस्तू नसते. मूळ भांडार दिवसातून चार वेळा बदलते, त्यामुळे हा मधला वेळ रोजच चार वेळा येतो.

एफटीपीसिंकची सारी करामत या क्रमात आहे. तो आरसिंकच वापरतो, पण दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत याद्यांना हात न लावता केवळ नवी पॅकेजे आणली जातात आणि जुने काहीही पुसले जात नाही. दुसऱ्या फेरीत याद्या येतात, त्या आधी बाजूला ठेवून शेवटी एकदम जागेवर सरकवल्या जातात, आणि त्यानंतरच निरुपयोगी झालेल्या फाइली काढून टाकल्या जातात. त्यामुळे कोणत्याही क्षणी जी यादी दिसते तिच्यातील प्रत्येक पॅकेज हजर असते. हा बदल केल्यापासून आमच्या प्रयोगशाळेत तो ४०४ पुन्हा दिसलेला नाही.

उभारणी फारशी अवघड नाही, पण तिला बैठक लागते. डेबियनमध्येच एफटीपीसिंकचे पॅकेज मिळते. एका कॉन्फिग फाइलीत मिररचे नाव, साठवण्याची जागा, ज्याच्याकडून प्रत घ्यायची तो वरचा मिरर आणि कोणत्या आर्किटेक्चरची (प्रोसेसरच्या प्रकाराची) पॅकेजे हवीत एवढे भरले की काम सुरू करता येते. सगळी आर्किटेक्चरे घेतली तर काही टेराबाइट जागा लागते. आम्ही एएमडी६४ (६४ बिटी पीसी), आय३८६ (३२ बिटी पीसी) आणि सोर्स (मूळ कोड) एवढेच घेतले, तरीही एक टेराबाइट मागे पडलाच. १०० मेगाबिटची लाइन पूर्ण वेगाने अखंड चालली तरी एक टेराबाइट उतरवायला साधारण २२ तास लागतात, आणि आमच्याकडे ती फक्त रात्री मोकळी असल्याने पहिली प्रत पूर्ण व्हायला चांगले पाच दिवस गेले. दिवसा महाविद्यालयाचे बाकीचे काम अडू नये म्हणून वेगावर मर्यादा घालण्याची सोय कॉन्फिगमध्ये आहे. तिचा आम्ही मनापासून उपयोग केला. सर्वांत जास्त वेळ मात्र फायरवॉलमध्ये आरसिंकचे ८७३ क्रमांकाचे पोर्ट उघडून घेण्यात गेला, कारण त्यासाठी अर्ज, शेरा आणि पुन्हा अर्ज असे तीन आठवडे लागले. त्यात या स्क्रिप्टचा काही दोष नाही.

आमच्या भागात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो आणि यूपीएस जेमतेम वीस मिनिटे तग धरतो, त्यामुळे मध्येच बंद पडल्यावर हा संच कसा वागतो याकडे आमचे बारीक लक्ष होते. प्रत घेणे सुरू असताना तो भांडाराच्या मुळाशी एक कुलूप-फाइल ठेवतो आणि तिच्यात आपल्या प्रोसेसचा क्रमांक लिहितो. सर्व्हर अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाला की पुढची फेरी तो क्रमांक तपासते, तशी प्रोसेस हयात नसेल तर जुने कुलूप बाजूला सारते आणि कामाला लागते. दुसरी एक खबरदारी मला विशेष आवडली. वरच्या मिररवर काही गोंधळ होऊन तिथले फोल्डर रिकामे दिसू लागले, तर आज्ञाधारक आरसिंक आपल्याकडचेही सगळे पुसून बसेल. म्हणून एका फेरीत जास्तीत जास्त ४०,००० फाइली पुसण्याची मर्यादा यात आधीच घालून ठेवलेली आहे. ज्याने हे लिहिले त्याने एकदा तरी हात पोळून घेतले असावेत, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

प्रत्येक फेरीनंतर ‘ट्रेस’ फोल्डरात एक छोटी मजकूर-फाइल तयार होते. कोणत्या वरच्या मिररकडून प्रत घेतली, किती बाइट आले, किती वेळ लागला, कोणती आर्किटेक्चरे आहेत, हे सगळे तिच्यात असते. तिच्यातील भांडाराचा अनुक्रमांक म्हणजे तारीख आणि तिच्यापुढे त्या दिवसाच्या फेरीचा आकडा. सकाळी चहा घेताना तो एक आकडा पाहिला की मिरर ताजा आहे की शिळा, हे कळते. डेबियनच्या मिररांवर देखरेख ठेवणारी यंत्रणाही याच फाइली वाचते, म्हणून घरगुती स्क्रिप्ट वापरणाऱ्या मिररला सार्वजनिक यादीत स्थान मिळणे कठीण जाते. वरचा मिररचालक तयार असेल तर क्रॉनच्या वेळापत्रकावर अवलंबून न राहता नवा माल आला की तोच एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून आपल्या सर्व्हरला हाक देतो; त्यासाठी दिलेली किल्ली केवळ तेवढीच एक आज्ञा चालवू शकेल अशी बांधता येते.

आता तक्रारी. नाव दिशाभूल करणारे आहे: एफटीपी ही फाइली पाठवण्याची जुनी पद्धत; डेबियनने तिची सार्वजनिक सेवा १ नोव्हेंबर २०१७ रोजीच बंद केली, पण स्क्रिप्टच्या नावातून एफटीपी गेलेले नाही, आणि नवीन माणूस हमखास विचारतो की एफटीपी सर्व्हर कोणता बसवायचा. माहितीपुस्तिका तुटपुंजी आहे. खरे ज्ञान कॉन्फिग फाइलीतल्या टिपांमध्ये आहे आणि त्या टिपा आधीपासून जाणकार असलेल्यांसाठी लिहिल्यासारख्या वाटतात. सर्वांत अडचणीची गोष्ट ही की आर्किटेक्चर निवडता येते, पण आवृत्ती निवडता येत नाही. आमच्या जुन्या ३२ बिटी यंत्रांसाठी बुकवर्म आवृत्तीचे आय३८६ हवे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ट्रिक्सी या त्यापुढच्या आवृत्तीत तर आय३८६ साठी इन्स्टॉलरच उरलेला नाही. तरीही आय३८६ ठेवायचे म्हटले की सगळ्याच आवृत्त्यांचे ठेवावे लागते. भांडाराचा ‘पूल’ सर्व आवृत्त्यांचा सामाईक असल्याने असे होणार हे समजते, पण डिस्कचे पैसे आपल्या खिशातून जातात तेव्हा ते समजणे जरा जड जाते. डेबमिरर नावाचे दुसरे अवजार ही निवड करू देते, मात्र सार्वजनिक मिररसाठी डेबियनची शिफारस एफटीपीसिंकचीच आहे.

सुरक्षिततेविषयी एक शंका आमच्या प्राचार्यांनीच काढली होती: कोणीही मिरर चालवू शकतो, तर त्यातल्या पॅकेजात कोणी काही मिसळले तर? मुख्य यादीवर डेबियनची डिजिटल स्वाक्षरी असते, तिच्यात इतर याद्यांचे हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेले बोटांच्या ठशासारखे आकडे, असतात आणि त्या याद्यांत प्रत्येक पॅकेजाचा हॅश असतो. ही साखळी वापरकर्त्याच्या यंत्रावर एपीटी हे पॅकेजे बसवणारे अवजार तपासते, त्यामुळे मिररचालकावर विश्वास ठेवण्याची वेळच येत नाही. सुरक्षा-दुरुस्त्यांचे वेगळे भांडार मात्र आम्ही मिरर केलेले नाही, कारण तिथे काही तासांचा उशीरही परवडत नाही; ते यंत्रांनी थेट डेबियनकडूनच घ्यावे.

हे सगळे कोणी करावे? फक्त आपल्या प्रयोगशाळेतील तीस-चाळीस यंत्रांचे इंटरनेट वाचवायचे असेल तर मी एफटीपीसिंक सुचवणार नाही. एपीटी-कॅशर-एनजी बसवावे, जे पॅकेज एकाने मागितले तेवढेच ते साठवते आणि पन्नास-शंभर गिगाबाइटमध्ये काम भागते. शिवाय डेबियनचा डेब डॉट डेबियन डॉट ऑर्ग हा पत्ता आता सीडीएनवरून, म्हणजे जगभर पसरलेल्या सर्व्हरांच्या जाळ्यावरून चालतो आणि नवी स्थापना बहुधा तोच पत्ता घेते, त्यामुळे आपल्या मिररवर बाहेरून झुंबड उडेल ही अपेक्षाही ठेवू नये. जागा, स्थिर आयपी पत्ता, बरी लाइन आणि पुढची काही वर्षे सर्व्हरकडे पाहणारा माणूस या चारही गोष्टी असतील, आणि शेजारच्या महाविद्यालयांनाही जवळचा स्रोत द्यायचा असेल, तरच हा घाट घालावा, आणि मग मात्र दुसरे कोणतेही अवजार शोधत बसू नये.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची ६४ बिटी प्रणाली आपली बहुतेक पॅकेजे थेट डेबियनच्या आर्म६४ भांडारातून घेते, हे आम्हाला उशिरा लक्षात आले. एम्बेडेडच्या प्रयोगशाळेत अशी अठरा यंत्रे आहेत. काल संध्याकाळी कॉन्फिगमध्ये आर्म६४ हा एक शब्द वाढवला. पहिली फेरी अजून चालू आहे.