जुनी ८००: सकाळचा सेल्फ, सिग्नलवरची थरथर आणि दुरुस्तीनंतरचे सात महिने

गाडी २००५ ची मारुती ८००, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटर नाही, पेट्रोल इंजेक्शनची), एसीवाली. बाबांनी नवी घेतली होती. कंपनीने हे मॉडेल २०१४ च्या जानेवारीत बंद केलं, पण साताऱ्यात अजून कुठल्याही स्पेअरच्या दुकानात हिचा प्लग मागा, दुकानदार मान वर न करता काढून देतो. दोनदा पासिंग झालंय. विकायची नाही, हे घरात ठरलेलं आहे, त्यामुळे "आता नवी घ्या" हा सल्ला कृपया नको.

गेल्या डिसेंबरात दोन दुखणी एकदम सुरू झाली. सकाळी सेल्फ मारला की घर्र... घर्र... करून दम सोडायचा. आणि एकदा चालू झाली की पोवई नाक्यावर गाडी उभी असताना स्टिअरिंग, आरसा, डॅशबोर्डवरचा गणपती सगळं थरथरायचं. एसी लावला की बंदच पडायची. इंजिन तीन सिलिंडरचं, त्यातला एक जरी मिसिंग मारायला (मध्येच पेट न घ्यायला) लागला तरी अख्खी गाडी हलते.

पहिले दोन महिने मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. नवी बॅटरी टाकली, ३,४०० रुपये. आठवडाभर बरं वाटलं, मग परत घर्र. तिन्ही प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करून घेतली. दर वेळी दहा दिवस सुख. आमचे मिस्त्री माणूस चांगले, पण त्यांची पद्धत म्हणजे "हे बदलून बघू". बघायचं त्यांनी, पैसे माझे. आणि ते "बघू" मीच मान्य करत होतो, तर दोष कोणाला देणार? शिवाय शेजारचे काका रोज गॅलरीतून "पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे होतंय, ते रबर खातं" असं सांगायचे. मलाही ते पटलं होतं.

मग ३५० रुपयांचा मल्टिमीटर आणला. खरं तर या सगळ्या लिखाणाचा नायक तोच.

बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. इंजिन चालू असताना १४.१, म्हणजे अल्टरनेटरही ठीक. मग सेल्फ आळशी का? मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरली (क्लँपवर नाही, खुद्द खांबावर), दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. आईला स्टिअरिंगवर बसवून सेल्फ मारायला सांगितला. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत दाखवायला हवं. मला दिसले १.४. एवढा व्होल्टेज अर्थिंगच्या, म्हणजे इंजिनकडून बॅटरीकडे करंट परत येण्याच्या, वाटेतच खर्च होत होता, सेल्फला पुरणार काय? इंजिनकडून बॉडीकडे जाणारी अर्थिंगची पट्टी काढली तर बोल्टखाली हिरवट-पांढरी भुकटी. पॉलिश पेपरने जागा घासून चकचकीत केली, नवी पट्टी लावली, वर थोडं ग्रीस. १८० रुपये. सेल्फ पहिल्या दिवसासारखा फिरायला लागला. ज्याच्याकडे मीटर नाही त्याने जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनला लावून सेल्फ मारावा. एकदम जोरात फिरला तर रोग अर्थिंगचाच.

थरथर मात्र तशीच होती. तिचा माग लागला पीयूसीच्या दुकानात. धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १.९ टक्के आला, मर्यादा ०.५ ची. एचसीही (न जळालेलं इंधन) ७५० पीपीएमच्या मर्यादेच्या बराच वर. मशीनवाला म्हणाला, "साहेब, ही पेट्रोल जाळत नाही, नुसतं पिते." नवे प्लग काढून पाहिले तर तिन्ही काजळीने काळेकुट्ट. प्लगचं टोक विटकरी असायला हवं. म्हणजे इंजिनला पेट्रोल कमी नव्हे, जास्त मिळत होतं.

आता जास्त कोण देतंय? बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं आणि एक एक रबरी पाइप बोटांनी चाचपत गेलो. मॅप सेन्सरकडे जाणारा बारीक पाइप टोकाशी कडक होऊन चिरला होता. चीर बोटाने दाबली आणि थरथर थांबली. सोडली, परत सुरू. मी दहा वेळा तरी दाबून-सोडून बघितलं असेल, इतका आनंद झाला होता. कारण सरळ आहे: इंजिनवर लोड किती हे सेन्सर मॅनिफोल्डमधल्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतल्या) व्हॅक्यूमवरून ओळखतो. चिरेतून बाहेरची हवा शिरली की व्हॅक्यूम कमी दिसतो, ईसीएमला (गाडीच्या कंप्युटरला) वाटतं लोड आलाय, आणि तो पेट्रोल वाढवतो. म्हणजे गाडी सिग्नलला उभी आणि पेट्रोल मात्र खंबाटकी घाट चढायचं. वीतभर पाइप, ६० रुपये. काकांचं इथेनॉल यात निर्दोष सुटलं, हा पाइप इंजिनच्या उष्णतेनेच गेला होता. (पेट्रोलच्या नळ्या तेव्हाच बदलून घेतल्या, कारण वीस वर्षांच्या रबराबद्दल काकांचा मुद्दा अगदीच चूक नाही.)

आता सात महिन्यांचा हिशोब. उन्हाळ्यात एसी लावून सिग्नलला उभं राहिलो, एकदाही बंद पडली नाही. परत पीयूसी केलं, सीओ ०.२. गावात जेमतेम १२ पर्यंत गेलेलं अ‍ॅव्हरेज आता १६ च्या आसपास आहे. पावसाळ्यात अर्थिंग परत मोजलं, ०.२ व्होल्ट.

एक दुखणं मात्र शिल्लक आहे. रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन तीन-चार सेकंदांनी पकडतं. किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाची दोन सेकंद गुणगुण येते. ती ऐकून किल्ली बंद, परत ऑन, परत गुणगुण, आणि मग सेल्फ मारला तर पहिल्या झटक्यात चालू. याचा अर्थ बहुधा पंपातला उलट येणारं पेट्रोल अडवणारा व्हॉल्व रात्रीत प्रेशर सोडतोय. मिस्त्री म्हणाले अख्खा पंप बदलू. मी अजून हो म्हटलेलं नाही. बाबा आता न सांगता किल्ली दोनदा फिरवतात, आणि पंप बदलायचा तर आधी प्रेशर गेज लावून आकडा दाखवा, असं मी मिस्त्रींना सांगितलंय. गेज त्यांच्याकडे नाही. कोणाकडून तरी आणतो म्हणालेत, त्याला तीन आठवडे झाले.