वंशसंहाराचा पाठ : आरंभ हिटलरपासून की शेजाऱ्यापासून?

नववी-दहावीच्या वर्गाला ज्यूंचा वंशसंहार शिकवताना आरंभ कोठून करावा, या प्रश्नाची दोन्ही उत्तरे मी पुण्यातल्या वर्गात काही वर्षे वापरून पाहिली आहेत.

पहिली वाट सर्वांच्या परिचयाची आहे : व्हर्सायचा तह, मंदी, १९३३ चे सत्तांतर, मग छळछावण्या. ती दोन तासांत आटोपते, परीक्षेला सोयीची पडते आणि कार्यकारणभाव नीट मांडते, हे मान्यच करायला हवे. मला ती सोडावी लागली ती एका गोष्टीमुळे. आपल्याकडे कडक शिक्षकाला किंवा आजोबांना ‘हिटलर’ म्हणण्याची रीत आहे आणि त्या म्हणण्यात धाकाबरोबर थोडे कौतुकही असते. मुले ते कौतुक घेऊनच वर्गात बसलेली असतात. “सर, पण शिस्त तर होती ना?” हा प्रश्न दरवर्षी येई आणि त्याच्या उत्तरात तास संपून जाई. एका वर्षी चाचणीत मी विचारले, की नाझी जर्मनीतल्या १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यू कुटुंबांच्या जगण्यात काय बदलले. बहुतेक उत्तरपत्रिकांत मात्र हिटलरच्या वक्तृत्वाचेच वर्णन होते. मारले गेलेले सुमारे साठ लाख लोक मुलांच्या लेखी केवळ आकडा राहिले होते, आणि याला माझी मांडणीच कारणीभूत होती असे मला वाटते.

दुसरी वाट मी लष्कर भागातल्या लाल देवळापासून धरतो. डेव्हिड ससून यांनी बांधवलेले, १८६७ चे हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, मुलांनी येता-जाता पाहिलेले असते. ते कोणाचे प्रार्थनास्थळ आहे, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. तेथून मी कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंकडे येतो : घरात मराठी बोलणारे, पेणकर, किहीमकर अशी गावांवरून आडनावे लावणारे, तेलघाणीचा व्यवसाय करताना शनिवारी काम बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेलेले. ‘ज्यू’ या शब्दाला असा शेजाऱ्याचा चेहरा मिळाल्यावर मी न्यूरेंबर्गचे कायदे सांगतो. माणूस काय मानतो हे न पाहता त्याच्या आजी-आजोबांचा धर्म मोजला जाई आणि चौघांपैकी तिघे ज्यू असले की ख्रिस्ती झालेला नातूही ज्यूच ठरे, हे ऐकून वर्ग शांत होतो. जन्मावरून माणसाची किंमत ठरणे म्हणजे काय, हे आपल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही.

येथेच या वाटेची जोखीमही आहे. जातीचा विषय आपसूक निघतो; अशा वेळी कोणत्याही मुलाला घरचा अनुभव सांगण्यास भाग पाडू नये. प्रत्येक अत्याचाराला वंशसंहार म्हणण्याची घाईही होते, म्हणून १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातली व्याख्या, विशेषतः एखादा समूह पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू ही अट, मी फळ्यावर लिहून ठेवतो. ‘आपल्याकडे ज्यू सुखाने राहिले’ एवढ्यावर मुले समाधान मानू लागली, तर आफ्रिकेतल्या रवांडातील वंशसंहाराकडे वळावे. तेथे मारणारे आणि मरणारे एकच भाषा बोलत होते, पण ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हे छापलेले होते आणि १९९४ मध्ये नाक्यानाक्यावर तेच तपासले गेले.

या वाटेला चार तास लागतात. ज्यांच्या हाती दोनच आहेत, त्यांनी पहिली वाट घेण्यात काही गैर नाही. तरीही त्यांतली पहिली वीस मिनिटे लाल देवळाला द्यावीत, अशी माझी विनंती आहे.