बारावी इतिहासाचे स्रोत-प्रश्न : एनसीईआरटीच्या चौकटी आणि बोर्डाची मार्किंग स्कीम, ही फुकटातली जोडी पुरते का?

सीबीएसई बारावीच्या इतिहासाचा पेपर ८० गुणांचा. त्यात 'ड' विभागात जुन्या कागदपत्रांतले तीन उतारे येतात, प्रत्येकी ४ गुणांचे; हेच स्रोत-प्रश्न. खाली १, १ आणि २ गुणांचे उपप्रश्न. एकूण १२ गुण. या १२ गुणांच्या नावावर जाडजूड प्रश्नसंच भरपूर खपतात. सरावाचं मूळ साहित्य मात्र दोन ठिकाणी फुकट मिळतं: एनसीईआरटीची तीन भागांतली इतिहासाची पाठ्यपुस्तकं, आणि बोर्डाच्या शैक्षणिक संकेतस्थळावर दरवर्षी येणारा सॅम्पल पेपर व त्याची मार्किंग स्कीम, म्हणजे कोणत्या मुद्द्याला किती गुण याची यादी. हे परीक्षण या जोडीचं.

आधी पुस्तकं. स्रोत-प्रश्नांपुरती त्यांची खरी ताकद चौकटींत आहे. धड्याधड्यात 'स्रोत १', 'स्रोत २' असे क्रमांक घातलेल्या चौकटी येतात: शिलालेख, प्रवासवर्णनं, रयतेचे अर्ज, साहेबांची पत्रं. बोर्डाचे उतारे बहुतेक वेळा इथूनच उचलले जातात. तरी मुलं मुख्य मजकुरावर पिवळा हायलायटर फिरवतात आणि चौकट सोडून देतात, कारण ८ गुणांचं उत्तर मजकुरातून येतं.

तिसऱ्या भागातली सुप्याची चौकट घ्या. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला १२ मे १८७५ रोजी रयतेचा सावकारांविरुद्ध दंगा झाला. १६ मे रोजी जिल्हा मॅजिस्ट्रेटने पोलीस आयुक्तांना पत्र लिहिलं, ते इथे आहे. सावकाराचं एक घर जाळलं, डझनभर घरं फोडून रिकामी केली. हिशेबाचे कागद, कर्जरोखे, धान्य, देशी कापड रस्त्यात पेटवलं. ५० जण पकडले, २,००० रुपयांचा माल परत मिळाला. नुकसान अंदाजे २५,००० रुपयांच्या वर, सावकार म्हणतात लाखाच्या वर.

'काय काय जाळलं?' हा १ गुणाचा प्रश्न. उत्तर एका ओळीत संपतं: हिशेबाचे कागद, कर्जरोखे, धान्य, कापड. इथे सहा ओळींत दंग्याची पार्श्वभूमी लिहिणाऱ्याला गुण तेवढाच, वेळ मात्र तिप्पट. 'पोलिसांनी काय केलं?' हेही तसंच. अडतं ते २ गुणांना: 'या पत्रावरून रयत आणि सावकार यांच्या संबंधांबद्दल काय कळतं, आणि पत्रावर किती भरवसा ठेवावा?' उताऱ्यातलं वाक्य उतरवून हे सुटत नाही. दोन मुद्दे लागतात आणि प्रत्येकाला उताऱ्यातला पुरावा लागतो. एक, कागद आणि रोखे मुद्दाम जाळले, कारण सावकाराचा दावा कोर्टात उभा राहायचा तो त्यांच्याच जोरावर. दोन, पत्र लिहिणारा १५ तारखेला पोचला. राखेचे ढीग त्याने पाहिले, बाकीचं ऐकलं. आणि नुकसानीचे आकडे दोन वेगवेगळे लिहिले. म्हणजे सावकाराचा आकडा त्यानेही जसाच्या तसा मान्य केलेला नाही.

या पत्रात रयतेचा शब्द कुठेच नाही. तो याच धड्यात आहे: कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या रयतेने नगरच्या कलेक्टरला केलेला अर्ज. या दोन चौकटी एकापुढे एक ठेवून वाचणं हा या पुस्तकातून मिळणारा सगळ्यात उपयोगी सराव. वर दंग्याच्या चौकशी आयोगाचा १८७८चा अहवाल घ्यावा. सरकारी शेतसाऱ्याची मागणी दंग्याला कारण झाली का, हे तपासायला आयोगाला खास सांगितलं होतं. आयोगाने सरकारला मोकळं सोडलं आणि दोष सावकारांवर ठेवला. 'सरकारी कागद म्हणजे विश्वसनीय' असं सरसकट लिहिणाऱ्यांसाठी याहून चांगला धडा नाही. 'लेखक पक्षपाती आहे' एवढंच लिहिणंही तितकंच पोकळ. कोणी लिहिलं, कोणाला लिहिलं आणि त्याला काय सिद्ध करायचं होतं, हे आलं तरच त्या वाक्याला वजन.

पहिल्या भागात प्रभावतीगुप्ताची चौकट आहे. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी दख्खनमधल्या वाकाटक राजघराण्यात दिलेली. तिने दंगुण गाव आचार्य चनालस्वामीला दान दिल्याचा हा लेख 'पुणे ताम्रपट' म्हणून ओळखला जातो. गावाला मिळालेल्या सवलतींची यादी त्यात आहे: शिपायांना प्रवेश नाही, दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांना गवत, आसनासाठी कातडी, कोळसा पुरवायची सक्ती नाही, फुलं-दूध द्यायचं नाही. ही यादी उलटी वाचायची: इथे जे माफ झालं, ते दुसऱ्या गावांना द्यावं लागत होतं. हा उलटा वाचनाचा डाव एकदा समजला की दानपत्रांवरचे बहुतेक २ गुणांचे प्रश्न हातात येतात. 'स्त्रियांना जमिनीवर हक्क होता' असा निष्कर्ष मात्र इथून काढू नये. संस्कृत धर्मशास्त्रांनुसार तो नव्हता. प्रभावती राणी होती, तिचा दाखला अपवादात्मक मानावा लागतो. पेपरात हमखास घसरतात ते इथे.

मनुस्मृतीच्या उताऱ्यांतही असंच होतं. 'कसं असावं' हे सांगणाऱ्या ग्रंथावरून 'तसंच होतं' असं लिहिलं जातं. उतारा म्हणजे नियम, आचरणाचा पुरावा वेगळा शोधायचा. सतराव्या शतकातला फ्रेंच प्रवासी बर्निए याचा उतारा आला तरी तेच: तो म्हणतो म्हणून तसंच होतं, असं लिहू नये. मुघल हिंदुस्थानात खाजगी जमीन नव्हती, असं तो ठासून सांगतो. मुघल दरबाराची एकही सरकारी नोंद राज्यच एकमेव जमीनमालक असल्याचं म्हणत नाही, आणि अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल शेतसाऱ्याला राजाच्या संरक्षणाचा मोबदला म्हणतो.

पुस्तकांना पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो चौकटींखालच्या प्रश्नांची उत्तरं कुठेच नाहीत म्हणून. पीडीएफ इंग्रजी, हिंदी, उर्दूत मिळतात, मराठीत नाहीत.

मार्किंग स्कीमला तीन. गुण कसे फुटतात हे तिथे स्वच्छ दिसतं: २ गुणांना दोन मुद्दे, प्रत्येकी एक. पण उत्तरं तारेसारखी त्रोटक, आणि शेवटी 'अन्य योग्य मुद्दा' ही ओळ. ती तपासनिसाच्या सोयीची आहे, मुलाला त्यातून काही शिकायला मिळत नाही. म्हणून स्कीम नमुना उत्तर समजून पाठ करू नये. आधी आपलं उत्तर लिहावं, मग स्कीममधला कोणता मुद्दा सुटला तो लाल पेनने समासात लिहावा. सुटलेला मुद्दा उताऱ्यात होता की धड्यात, याचीही खूण करावी. पाच-सहा उतारे झाले की आपण वाचनात कमी पडतो की अभ्यासात, ते समोर येतं.

वेळेचं गणित: १८० मिनिटं, ८० गुण. १२ गुणांच्या वाट्याला २७ मिनिटं, एका उताऱ्याला नऊ. यातली दोन वाचनाला, तीन दोन्ही एक-गुणी प्रश्नांना, चार शेवटच्याला. आधी उपप्रश्न वाचावेत, मग उतारा. सुरुवातीची १५ मिनिटं वाचनासाठी मिळतात, त्यात तिन्ही उतारे नजरेखालून घालून ठेवावेत. उपप्रश्नांचे क्रमांक उत्तरपत्रिकेत वेगळे घालावेत. तिन्ही उत्तरं एका परिच्छेदात गुंफली की तपासनिसाला मुद्दे शोधावे लागतात.

राज्य मंडळाच्या दहावीच्या मुलांना यातलं सगळं लागत नाही. त्यांच्या ४० गुणांच्या पेपरातला ४ गुणांचा उतारा वाचून-लिहिण्याचाच जास्त असतो.

तरीही विकतचा प्रश्नसंच घ्यायचाच असेल, तर दुकानात उभ्या उभ्या तीन गोष्टी बघा. उतारा मूळ चौकटीइतका आहे की दोन ओळींत आटवलाय? तिसऱ्या उपप्रश्नाचं उत्तर उताऱ्यातूनच उचललंय की बाहेरचं काही जोडलंय? आणि उत्तरं उताऱ्याच्या लगेच खाली छापली आहेत का? तशी असतील तर पुस्तक परत ठेवा, कारण हातात पेन असताना नजर आपोआप खालीच जाते.