रक्तावरून कोणी ‘एचपीव्ही निल’ लिहून देत असेल तर सावध व्हा

परभणी-गंगाखेड-परळी या पट्ट्यात सकाळच्या पेपरात घडी घातलेलं एक पत्रक येतं. ‘मूळव्याध, चामखीळ, गुप्तरोग, एचपीव्ही. विना ऑपरेशन, मुळासकट बरा.’ (एचपीव्ही हा एक विषाणू, त्याचं पुढे सांगते.) खाली एका लॉजचं नाव, खोली नंबर आणि वार. या पत्रकामागच्या माणसाने आमच्या घरातून सत्तर हजारांच्या आसपास रुपये नेले. पैशाचं दुःख आहेच, पण उपचाराविना महिने गेले त्याचं जास्त आहे. हे दुखणं ज्या जागेचं आहे तिचं नाव बायका बहिणीजवळही घेत नाहीत आणि त्या गप्प बसण्यावरच या माणसाचा धंदा चालतो. म्हणून माझं नाव न देता, पण काहीही न लपवता लिहिते.

मला लघवीच्या जागेच्या बाहेरच्या कातडीवर चट्टे येतात. काही पांढरट, काही काळपट, थोडे उंच. खाज इतकी की रात्री झोप लागत नाही. पहिल्यांदा आलं तेव्हा संभाजीनगरला तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता, कॅन्सरच्या आधीची पायरी होती. हे एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतं, बहुतेक वेळा त्याच्या १६ नंबरच्या प्रकारामुळे. लागण पुष्कळांना होते आणि बहुतेकांचं शरीर वर्षा-दोन वर्षांत ती परतवून लावतं. काहींच्या कातडीत मात्र ती टिकून राहते. किती वर्षांपूर्वी लागली, कोणाकडून लागली, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. तिथल्या डॉक्टर मॅडमनी हे आमच्या यांनाही समोर बसवून सांगितलं, त्याचे आमच्या संसारावर उपकार आहेत.

चट्टा कापून काढला. काही काळाने शेजारी दुसरा आला. मग इमिक्विमॉड नावाचं मलम दिलं. ते आठवड्यातून ठरावीक दिवसच लावायचं असतं आणि महिनोन् महिने चालतं. कातडी लाल होते, सोलते, बसवत नाही. तेही सोसलं, बरं वाटलं, आणि पुन्हा एक चट्टा दिसला. मॅडम म्हणाल्या होत्या, विषाणू कातडीच्या खालच्या थरात असतो. चट्टा काढला तरी आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीत तो असू शकतो, म्हणून हे दुखणं परत येतं. दर वेळी लवकर पकडायचं आणि काढायचं, म्हणजे ते सहसा कॅन्सरपर्यंत पोचत नाही. ऐकताना सगळं पटतं. पण पुन्हा टेबलावर झोपायची वेळ आली की माणूस खचतो. त्या काळात ते पत्रक घरात आलं.

लॉजच्या खोलीत एक टेबल, पडदा, भिंतीवर ‘अनुभवी वैद्यरत्न’ असं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट. त्यावर नोंदणी क्रमांक नव्हता. बोलणं फार गोड. “ताई, मोठे डॉक्टर वरवर कापतात. मूळ रक्तात आहे, म्हणून परत येतं. आणि सारखा तुकडा काढू नका, जखमेला हवा लागली की कॅन्सर पसरतो.” वारंवार उलटणाऱ्या दुखण्याने थकलेल्या बाईला नेमकं काय ऐकायचं असतं, ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

त्याने रक्त घेतलं. पुढच्या खेपेला छापील रिपोर्ट दिला, ‘एचपीव्ही काउंट’ आठ लाखांच्या पुढे. किट घेतलं, यांच्यासाठी वेगळं किट घ्यायला लावलं. पुढचा रिपोर्ट दोन लाखांवर. मग ‘निल’, म्हणजे शून्य. प्रत्येक रिपोर्टचे पैसे वेगळे आणि आकडा उतरला की पुढचं किट महाग.

किटमध्ये एक पांढरं मलम होतं, नाव नसलेल्या ट्यूबमध्ये. त्याने खाज दोन दिवसांत थांबली. मॅडमच्या मते त्यात तीव्र स्टिरॉइड असावं. अशा मलमाने खाज आणि लाली दबते, चट्टा जागेवरच राहतो, वर त्या जागेची प्रतिकारशक्तीही कमी होते. दुसरी होती काळ्या मलमाची डबी. ते तो स्वतः लावायचा. आमच्याकडे खेड्यात चामखिळीवर चुना आणि धुण्याचा सोडा लावून ती जाळतात, तसंच जाळणारं काहीतरी त्यात होतं. मी ओरडले तर म्हणाला, विष बाहेर पडतंय. काही दिवसांनी काळी खपली निघाली. ती त्याने चिमट्यात धरून दाखवली, “हे बघा मूळ.” ती जळालेली कातडी होती. वरचं जळतं, आतलं राहतं, आणि नंतर तिथला तुकडा तपासणंही अवघड होतं, कारण सगळा भाग वणाने आखडलेला असतो.

त्यानंतर काही महिने काहीच नव्हतं. घरात पेढे वाटले. या दुखण्यात असे शांत महिने येतातच, उपचाराने येतात, कधी आपोआपही येतात. तो माणूस नेमके तेच महिने विकतो. चट्टा उलटेपर्यंत बाई चार जणींना त्याचा पत्ता सांगून मोकळी झालेली असते. माझ्या जाऊबाईंनीही त्यांच्या माहेरी सांगितला होता.

ही लबाडी आधी ओळखली ती माझ्या मावशीने. ती धाराशिव जिल्ह्यातली. १९९९ पासून तिकडे गावोगाव एक मोठा अभ्यास झाला. तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून जास्त बायका त्यात होत्या. टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल त्यात होतं. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी (तोही एचपीव्हीमुळेच होतो) कोणती तपासणी चांगली, हे बघायचं होतं. एका गटात एचपीव्हीची तपासणी एकदाच केली आणि ज्या बायकांची काहीच तपासणी झाली नव्हती त्यांच्या तुलनेत त्या गटातले या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली ते जगभर छापून आलं. आमच्या भागातल्या बायकांनी जगाला दिलेली ही गोष्ट मराठवाड्यातच फार कमी जणींना माहीत आहे, याचं मला वाईट वाटतं. मावशीच्या गावातही तपासणी झाली होती. माझा रिपोर्ट बघून ती म्हणाली, “रक्त कामून काढलं गं? आमचं तर रक्त नव्हतं घेतलं. नर्सबाईनं आतून ब्रशानं घेतलं होतं.”

मी संभाजीनगरला जाऊन विचारलं. मावशीचं खरं होतं. एचपीव्ही कातडीत आणि आतल्या अस्तरात राहतो, रक्तात फिरत नाही. त्याची तपासणी त्या जागेच्या पेशी घेऊन होते. या दुखण्यात रक्तावरून ‘काउंट’ सांगणारी तपासणी दवाखान्यात करतच नाहीत. ते आकडे कोणीतरी बसून टाइप केले होते. तुकडा काढल्याने किंवा हवा लागल्याने कॅन्सर पसरतो हेही खोटं. त्याला तुकडा नकोच होता, कारण तुकड्याचा रिपोर्ट आला असता तर त्याचं बिंग फुटलं असतं.

वणाच्या कडेला चट्टा पुन्हा आला होताच. व्हिनेगरसारखं पातळ औषध लावून, भिंगातून बघून मॅडमनी तुकडे घेतले. अजूनही कॅन्सर नव्हता. जळालेल्या भागामुळे या वेळी जास्त कातडी काढावी लागली.

पैसे परत मागितले तेव्हा तो बदलला. “फाइलमध्ये तुमचे फोटो आहेत, ताई. घरी पाठवू का?” सुरुवातीला ‘उपचाराची नोंद’ म्हणून त्याने मोबाइलवर फोटो काढले होते. हे वाचणाऱ्या प्रत्येक बाईने हे लक्षात ठेवावं. खऱ्या दवाखान्यात फोटो लागला तर आधी विचारतात, लेखी संमती घेतात, आणि नाही म्हटलं तरी उपचार थांबत नाहीत. असे फोटो दाखवून धमकावणं हा गुन्हा आहे. मी यांना सगळं सांगितलं आणि आम्ही दोघं पोलीस ठाण्यात गेलो. महिला अधिकारी मागितली, मिळाली. घरच्यांना आपणच सांगून टाकल्यावर त्याच्या धमकीत काही उरलं नाही.

अजून दोन ठिकाणी गेलो. कॅन्सर आणि गुप्तरोग बरे करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे ते पत्रक हाच पुरावा. ते, ट्यूब आणि डबी अन्न व औषध प्रशासनाकडे दिली. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील नसला तरी चालतं, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पैसे फोन-पेने दिले होते म्हणून नोंद सापडली. रोख दिलेल्यांचं काहीच हाती लागत नाही. १९१५ या नंबरवर ग्राहक तक्रारीची माहिती मराठीतही मिळते.

मुलगी आठवीत आहे, तिला एचपीव्हीची लस दिली. डोस किती, ते डॉक्टर वयानुसार सांगतात. आता पुण्याच्या सीरमची लसही मिळते. झालेलं दुखणं लसीने जात नाही, तेव्हा ‘लस देऊन बरं करतो’ म्हणणाऱ्यालाही दारात उभं करू नका.

माझी तपासणी ठरल्या वेळी सुरू आहे. तक्रारींचा निकाल लागायचा आहे. तो माणूस आता नांदेडकडे बसतो असं कळलं. पत्रकावरचं नाव बदललंय, वार बुधवार झालाय, काळ्या मलमाची डबी तीच आहे.