बडोद्यात शिकताना : वसतिगृहाची मेस की घरगुती डबा?

महाराजा सयाजीराव विद्यापीठात नुकताच प्रवेश घेतलेल्या माझ्या भाचीला वसतिगृहाची मेस लावावी की दांडिया बाजारातल्या मराठी घरचा डबा, हे ठरवता येत नव्हते. खर्च पाहताना नुसता महिन्याचा आकडा पाहू नये, न जेवलेल्या दिवसांचे पैसे कापले जातात का, हे आधी विचारावे; मेसमध्ये सुट्टी बहुधा आगाऊ कळवावी लागते, डबा देणाऱ्या काकू आदल्या रात्रीचा निरोपही चालवून घेतात. गूळ घातलेली गुजराती डाळ जिभेला रुचायला वेळ लागतो, हे खरे. मात्र मेसमधला फुलका तव्यावरून थेट ताटात येतो आणि हवा तेवढा मिळतो. डब्यातल्या चार पोळ्या दुपारपर्यंत वाफेने ओलसर होतात. प्रयोगशाळेत उशीर होणाऱ्यांनी डबा घ्यावा. ज्यांची भूक मोठी आहे आणि ज्यांना नव्या गावात ओळखी हव्यात, त्यांना मेसच बरी.