नौपाड्यातलं पिस्तूल दुरुस्तीचं दुकान: स्पर्धेच्या बऱ्याच आधी जा

माझी लेक २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल खेळते. त्यातल्या प्रिसिजन टप्प्यात पाच गोळ्यांना पाच मिनिटं मिळतात. रॅपिड टप्प्यात मात्र प्रत्येक गोळीला टार्गेट तीनच सेकंद समोर असतं, आणि पावसाळ्यापासून तिचं .२२ बोअरचं पिस्तूल नेमकं तिथेच जॅम व्हायला लागलं. रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या, खिडकीत उभी अडकायची. मुलीचा नेम गेला नव्हता, पिस्तुलावरचा विश्वास गेला होता. आधी ज्यांना दाखवलं त्यांनी थेट कानसच हातात घेतली. पिस्तूल तसंच परत आणलं आणि क्लबमधल्या एका ताईंच्या सांगण्यावरून ऐरोलीहून ठाण्यातला नौपाडा गाठला.

दुकानाच्या काकांनी फोनवरच बजावलं होतं की अडकलेल्या आणि नीट पडलेल्या पुंगळ्या वेगवेगळ्या पिशव्यांत आणा. लायसन्स बघून रजिस्टरमध्ये नोंद झाल्यावर त्यांनी आधी त्या पुंगळ्याच तपासल्या. .२२ मध्ये पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेत असतो, म्हणून पिनचा घाव कडेवर नीट बसतोय का, हे पहिलं बघायचं. घाव व्यवस्थित होता. मग एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी ओढून काढणारा आकडा, भिंगाखाली धरून त्यांनी लेकीलाच बघायला लावलं. आकड्याच्या मागे गोळीवरचं मेण, शिसं आणि काजळी यांचा घट्ट काळा थर बसला होता. तो त्यांनी लाकडी काडीने हळूहळू खरवडला, लोखंडाचं टोक आकड्याला लावलं नाही. चेंबरमध्येही, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेतही, तसंच मेण निघालं.

नंतर त्यांनी जे समजावलं, त्यासाठीच हे लिहितोय. या पिस्तुलात स्लाइड मागे ढकलते ती उडणारी पुंगळीच. तिला रोखायला स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढंच असतं. मॅचच्या काडतुसाची गोळी आवाजाच्या वेगाच्या आतच राहते, म्हणजे जोर मुळातच बेताचा. त्यात चेंबर मेणचट किंवा स्प्रिंग कडक असली की स्लाइड पुरती मागे जात नाही आणि पुंगळी मध्येच सापडते. काकांचा आग्रह एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी फक्त सफाई करून रेंजवर खेळायचं, मग दुसऱ्या लॉटची (कारखान्यातल्या वेगळ्या खेपेची) काडतुसं, आणि स्प्रिंग सगळ्यात शेवटी. मॅगझिनचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, त्यांनी मापून बघितले आणि ठीक निघाल्यावर हातही लावला नाही.

सफाईनंतर जॅम बरेच कमी झाले. लॉट बदलून फरक पडला नाही. कंपनीचीच एक पायरी नरम स्प्रिंग घातल्यापासून रॅपिडच्या मालिका अखंड होतायत. ही स्प्रिंग असताना जोरकस काडतुसं वापरली तर स्लाइड मागे जास्त आपटते, म्हणून काकांनी पिस्तुलाच्या पेटीवर 'फक्त स्टँडर्ड व्हेलॉसिटी' (म्हणजे बेताच्या जोराचीच काडतुसं) अशी चिठ्ठी स्वतः चिकटवली. इतक्या आस्थेने काम करणारा माणूस मला आजवर भेटला नव्हता.

उणीव आहे ती वेळेची. काका एकटेच आहेत, दुपारी फोन उचलत नाहीत, आणि स्प्रिंग बाहेरून मागवावी लागली त्यात बराच काळ गेला. अंदाजे खर्च आधी विचारून घ्या, ते आपणहून सांगत नाहीत. गोखले रोडला गाडी लावायचा विचारही करू नका, स्टेशनवरून चालत जा. पिस्तूल ज्याच्या लायसन्सवर आहे त्यानेच मूळ लायसन्स घेऊन जायचं. दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवलेलं ते ठेवून घेत नाहीत.